आशेरसाठी कोण उभं राहणार?

अक्का,

काल शनिवारी मी आपल्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये गेलो होतो. सात दिवस तुझ्या घरात सतरंजीवर बसून काढले, त्यानंतर पहिल्यांदाच बाहेर पडलो. तिथे काय झालं ते तुला सांगायलाच आज बसलोय, पण सरळ सांगता येईना. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बन्या, मुद्द्यावर ये." येतो. जरा धीर धर, आता तुला कुठे जायची घाई आहे!

तू गेलीस त्याच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलात माझ्याकडे एक गोष्ट मागितलीस आणि मी हो म्हटलं नाही. तुझ्यासाठी कद्दीश म्हणायचं हे ठरलेलंच होतं. तुला मूलबाळ नाही, भाऊ मी एकटा. गेलेल्या माणसासाठी दहा जणांत उभं राहून ती प्रार्थना म्हणायला दुसरं कोण येणार? पण तू म्हणालीस, "माझ्यासाठी म्हणशील तेव्हा आशेरसाठीही म्हण. त्यांचं कोणी नाही रे."

आशेर म्हणजे आपण ज्यू लोक ज्याचे वंशज म्हणवतो त्या याकोबाच्या बारा मुलांपैकी एक, आणि त्याच्यापासून चाललेला तो वंश. शेजारीपाजारी माणसं जातात, त्यांच्यासाठी कोणी उभं राहतं, ते समजतं. पण अश्शूरच्या राजाने ज्यांचं राज्य मोडून माणसं कुठल्या कुठे नेली, ज्यांचा पुढे ठावठिकाणा नाही, अशा अख्ख्या वंशासाठी रिचमंड हिलच्या भाड्याच्या हॉलमध्ये मी उभं राहायचं? मरायला टेकलेल्या बहिणीशी वाद घालू नये एवढं मला कळतं. तरी घातला. आपल्या दोघांना दुसरं काही येतच नव्हतं.

तुला माती दिली तेव्हा जमीन दगडासारखी गोठलेली होती. बायकांनी तुला आंघोळ घालून पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं. त्यांच्यातल्या निम्म्या जणींना ते काम तूच शिकवलेलं. खड्ड्यात पहिली माती घरच्यांनी लोटायची, तीही फावडं उलटं धरून, म्हणजे हे काम करायला हात पुढे होत नाहीत हे दिसावं. ढेकळं पेटीवर वाजली आणि मला रडू फुटलं. एस्तरने माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि म्हणाली, "डॅड, इट्स ओके, आय'ल डू इट." तुझी भाची. तिला तुझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला सांगितलं की तिची कंबर दुखायची. त्या दिवशी तिने थांबायचं नाव घेतलं नाही.

फ्युनरल होमवाल्यांनी सुतकात बसायला बुटकी स्टुलं पाठवली होती. आपल्या हॉलमध्ये प्रार्थना चालवणारे सॅमसनकाका त्यांच्याकडे बघून म्हणाले, "ही कोणाला रे? आपल्याला जमीन काय नवीन आहे?" स्टुलं कोपऱ्यात रचून ठेवली आणि त्यांच्यावर लोकांचे कोट पडले. तुझे सगळे आरसे चादरींनी झाकले होते. सात दिवस माणसांची रीघ होती. ठाण्याचे, भायखळ्याचे, अलिबागचे आपले लोक, आणि तुझ्या वॉर्डातल्या त्या फिलिपिनो नर्सेस. त्या आल्या की एकच वाक्य म्हणायच्या, की तू त्यांना ओरडायचीस. आणि मग रडायच्या.

या सगळ्यात तुझा आशेर माझ्या डोक्यात बसलेला. तो पहिल्यांदा आपल्या घरात कधी शिरला ते मला आठवत नाही, मी फार लहान होतो. तूच सांगायचीस. चौलजवळचं आपलं गाव, बाबांचा लाकडी घाणा. शनिवारी घाणा बंद, बैलालाही सुट्टी, म्हणून गाव आपल्याला शनवार तेली म्हणायचं. अलिबागेहून हजानसाहेब प्रार्थना चालवायला आले होते. आपल्या सिनेगॉगला गावात सगळे मशीदच म्हणत; तिथे त्यांनी मुलांना पुढे बसवून सांगितलं की मोशेने मरण्यापूर्वी एकेका वंशाला काय काय दिलं. आशेरला तेल दिलं, इतकं की पाय त्यात बुडावेत. तू परकर-पोलक्यातली पोर घरी आलीस आणि घाण्याशी उभ्या असलेल्या बाबांचे पाय बघितलेस. घोट्यापर्यंत तेलकट. झालं! तुझ्यासाठी प्रश्न तिथेच मिटला. समुद्रकाठी राहणारे, तेल काढणारे, म्हणजे आपण आशेरचे.

मी पुढे इंजिनिअर झालो आणि तुझ्यामागे लागलो, पुरावा दाखव. आपले पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले असं सगळे म्हणतात, पण कुठून, कधी, कोणाच्या वंशातले, काही लिहिलेलं नाही. जगात ज्याला आपलं मूळ सापडत नाही तो या हरवलेल्या वंशांपैकी एखादा उचलतो, असं मी तुला किती वेळा ऐकवलं. आणि तेली काय, कोकणात आपल्याशिवाय कोणी नव्हतेच का? "मग ते पण आशेरचे असतील," तू म्हणायचीस. तुझ्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"नाव बेंजामिनचं आणि अक्कल कोणाची घेऊन आलाय देव जाणे," हे तुझं ठेवणीतलं वाक्य. बेंजामिन हाही त्या बारांपैकीच एक, आणि त्याचे लोक तरी दक्षिणेतल्या यहूदाच्या वंशाबरोबर राहून टिकले. माझ्या नावाचे वाचले, तुझा आशेर हरवला, म्हणून मला इतका माज, असं तुझं म्हणणं.

इस्रायलमधली गोष्ट तू मला कायम हसत सांगितलीस, म्हणून मीही हसतच ऐकली. साठच्या दशकात तू नर्स म्हणून तिकडे गेलीस. लग्न ठरलं होतं. नाव नोंदवायला गेलात तर समोरच्या माणसाने, ज्यूपण आईकडून धरतात म्हणून, तुझी आई कोण, तिची आई कोण, तिच्या आधीची कोण, असं खोदून विचारायला सुरुवात केली. हिंदुस्थानातून आलेले, कोणात मिसळले कोण जाणे! त्या काळात आपल्या लोकांना तिथे ही चौकशी सोसावी लागली आणि त्यासाठी मोर्चे निघाले, हे मी नंतर वाचलं. तुला आजीच्या पुढचं नाव येईना. शेवटी त्याने विचारलं, मग तुम्ही नक्की कोण? तू मान वर करून म्हणालीस, "आशेर." तो हसला. तुझ्याबरोबर आलेला तो मुलगाही थोडं हसला.

"मग मी त्याला म्हटलं," तू सांगायचीस, "आशेरची आई दासी होती. याकोबाची बायको लेआ, तिच्या दासीचा मुलगा तो. त्याच्याकडे कोणी आईचा दाखला मागितला नव्हता, आणि मला विचारतोस होय रे?"

हे तू खरंच म्हणालीस की घरी येऊन सुचलं, ते मी कधी विचारलं नाही. लग्न झालं नाही एवढं खरं. तू कॅनडाची वाट धरलीस, आणि दहा-बारा वर्षांनी मला इकडे बोलावून घेतलंस. त्या मुलाचं नाव काय होतं, अक्का? तुझ्या आयुष्यातलं हे एक नाव मला माहीत नाही. सात दिवसांत आलेल्या कोणालाच माहीत नव्हतं.

तुझ्या बेसमेंटमधला तो हिवाळा मात्र मला पुरता आठवतो. टेलिकॉम बुडालं, आमच्या कनाटा गावात कंपन्यांच्या पार्किंग लॉटमध्ये गाड्या दिसेनाशा झाल्या आणि माझीही नोकरी गेली. टोरोंटोत काही मिळतंय का बघायला मी तुझ्याकडे येऊन राहिलो. रोज अप्लाय करायचं आणि रोज वाट बघायची. तू ड्यूटीवरून यायचीस, बूट काढायचीस, तिळाचं तेल कोमट करायचीस आणि तळपायांना चोळत बसायचीस. मलाही बळेच लावायला लावायचीस. "आशेरच्या घरात कोरड्या पायाने फिरायचं नाही." आणि मग आपलं सुरू व्हायचं.

मी तेव्हा रिकामाच, लायब्ररीतून पुस्तकं आणून तुला चीत करायचा चंग बांधला. वाचलं की आशेरला वाटणीला आलेली जमीन उत्तम होती, लेबनानखालचा किनारा, जैतुनाची झाडं, बंदरं. पण तिथल्या मूळच्या लोकांना त्यांनी हाकललंच नाही. इतर वंशांच्या गावात जुने लोक राहिले; आशेरचे मात्र जुन्या लोकांच्या गावात राहिले. पुढे सगळ्यांनी मिळून लढाई केली, जिंकली, तर विजयाच्या गाण्यात कोण आलं, कोण नाही, याचा हिशोब आहे. आणि आशेर? तो आपल्या धक्क्यावर बसून राहिला.

"घे तुझे पूर्वज," मी म्हणालो. "निवडून निवडून पळपुटे निवडलेस."

तू तळव्याला तेल चोळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "कोणाला हाकललं नाही. कोणाच्या घरात शिरून मारामारी केली नाही. दुसऱ्याच्या गावात राहिले, आपला दिवस पाळला, आपलं तेल काढलं. हे कोण वाटतं तुला? चौलचे कोण होते मग?"

चौलात आपल्याला कोणी हाकललं नव्हतं, आपणही कोणाला नाही. तरी मी नेट लावून म्हटलं की याने काही सिद्ध होत नाही. तू म्हणालीस, "सिद्ध तुझ्या कंपनीत करायचं असतं. आणि आता तिथेही कोणी विचारत नाही." घाव बरोबर बसला. आपण दोघं इतके हसलो की वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने जमीन ठोकली. अक्का, त्या हिवाळ्यात मी खचलो नाही तो तुझ्या आशेरमुळे. रोज संध्याकाळी भांडायला काहीतरी असायचं. हे मी तुला कधी म्हटलं नाही, तेव्हा आत्ता म्हणतो.

तुझी आवडती गोष्ट मात्र आणखी पुढची. उत्तरेचं राज्य मोडलं, लोक नेले गेले, मागे थोडेफार उरले. यरुशलेमच्या राजाने निरोप धाडला की उरलेल्यांनी सणाला यावं. निरोप्यांना सगळीकडे लोक हसले, चेष्टा केली. पण आशेरमधले काही जण मान खाली घालून आले. बस, एवढंच. हॉलमध्ये तू पोरांचा रविवारचा वर्ग घ्यायचीस, त्यात ही गोष्ट सांगताना इथे थांबायचीस. पोरं विचारायची, "देन व्हॉट?" तू म्हणायचीस, "देन वी डोन्ट नो. देन, यू." आणि तुझं ते बोट एकेकाच्या छातीवर टेकायचीस. मी मागे बसून मान हलवायचो. वर्ग संपल्यावर मलिदा वाटायचीस, गोड केलेले पोहे, वर खोबरं, आणि मलाही ताटली द्यायचीस. "अविश्वासू लोकांनाही मिळतो," असं म्हणून.

पोरांना आणखी एक गोष्ट आवडायची, आशेरच्या लेकीची. आपला लेक योसेफ मेला असं समजून म्हाताऱ्या याकोबाने किती वर्षं दुःखात काढलेली. तो जिवंत आहे ही बातमी एकदम सांगितली तर धक्क्यानेच जायचा, म्हणून ती पोर आजोबाशेजारी बसली आणि गाणं म्हणता म्हणता, हळूहळू, थोडं थोडं करून तिने ती सांगितली. तू मला तुझं दुखणं असंच सांगितलंस. रविवारचा फोन, आधी थंडी, मग विंटर टायर लावलेस का, मग फ्रोझन खोबरं इथल्या इंडियन ग्रोसरीत चांगलं मिळत नाही, मग पोटात जरा दुखतं, मग एक स्कॅन केला. खोबऱ्यापासून त्या शब्दापर्यंत तू मला इतक्या सावकाश आणलंस की फोन ठेवल्यावर थोड्या वेळाने मी जमिनीवर बसलो. तिची बातमी आनंदाची होती. तुझी तशी नव्हती, पण रीत तीच.

आणि मग हॉस्पिटल. शेवटच्या आठवड्यात तू नर्सेसना आयव्ही कशी लावायची ते सांगत होतीस, म्हणजे ओरडत होतीस. त्या दुपारी खिडकीबाहेर बर्फ पडत होता. तू ते मागणं मागितलंस, आशेरसाठीही कद्दीश म्हण.

मी म्हणालो, "अक्का, आता तूच ठरव. तू जन्मभर सांगतेस आपण आशेरचे. आपण आशेरचे असू तर आशेर मेलेला नाही. मग कद्दीश कोणासाठी? आणि कद्दीश म्हणायचं असेल तर तो मेला, संपला, आणि आपण त्याचे कोणी नाही. दोन्ही एकदम कसं?"

मला वाटलं चिडलीस. मग तुझ्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी कधी विसरणार नाही. बेसमेंटमधलं हसू. "शाब्बास," तू म्हणालीस. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा बरोबर जागी बोट ठेवलंस." दम लागला म्हणून थांबलीस. मी पाणी दिलं. "पण सगळ्यांचं कोणी ना कोणी आहे. लेवीचे आहेत, यहूदाचे आहेत. माझ्यामागे तू आहेस. त्यांच्यासाठी कोण उभं राहणार, बन्या?"

"पण माझ्या प्रश्नाचं उत्तर?"

"उद्या सांगते."

उद्या तू झोपलेलीच होतीस. तुझ्या ओठांजवळ कान नेला, कारण मला खरंच वाटलं की तू सांगशील. तू कधी वाद अर्धा सोडला नव्हतास, अक्का. हाच कसा सोडलास?

सात दिवस घरी प्रार्थनेला दहा जण जमायचे आणि मी नुसतं तुझ्यासाठी म्हणत होतो. डोकं चालत नव्हतं, तोंड चालत होतं. त्या प्रार्थनेत गेलेल्याचं नाव नाही, मरणाचा शब्दही नाही, नुसती देवाची थोरवी. आठवड्याभरात ती पाठ झाली. दुसऱ्या नावाचा प्रश्न मी ढकलत होतो. एस्तरला सांगितलं, तर ती म्हणाली, "जस्ट से इट, डॅड. शी आस्क्ड. हू केअर्स इफ इट्स लॉजिकल?" मला पटलं. पोरीचं बरोबर होतं. मी ठरवलं की शनिवारी म्हणून टाकायचं. मेलेल्या माणसापुढे कसली अक्कल पाजळायची?

आपल्या हॉलची रीत तुला माहीत आहे. कद्दीशच्या आधी सॅमसनकाका एकेका उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघतात, विचारतात, "कोणासाठी?" आणि त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव घ्यायचं. काल उभे राहिलेले आम्ही दोघं-तिघंच होतो. माझी पाळी आली. मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण, बाबांच्या नावासकट. आवाज फाटला, पण निघाला.

काका पुढे सरकले नाहीत. "अजून?"

मी खाली बघून प्रार्थनेच्या पुस्तकाची पानं चाळली.

"अक्काने मला फोन केला होता," ते म्हणाले. "म्हणाली, बेंजामिन टाळाटाळ करेल, त्याला विचारा. दुसरं नाव आहे म्हणाली."

तू मला पुरती ओळखून होतीस. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. आशेर हा शब्द माझ्या जिभेवर आला होता, खरंच आला होता. तेवढ्यात पुढच्या रांगेतली तुझी ती पोरं मागे वळली. तुझ्या रविवारच्या वर्गातली. कोणी वॉटर्लूच्या युनिव्हर्सिटीत जायची तयारी करतंय, कोणाचे अजून दुधाचे दात पडतायत. तू ज्यांच्या ज्यांच्या छातीवर बोट टेकलं होतंस ती सगळी, आणि त्यांना माहीत होतं दुसरं नाव कोणतं ते. ती वाट बघत होती की अक्काचा भाऊ आता ते नाव घेईल. गेलेल्यांमध्ये.

पुरावा माझ्याकडे अजूनही नाही. उद्या कोणी विचारलं तर मी तेच सांगेन. पण त्या पोरांच्या तोंडावर ते नाव मला मेलेल्यांत घेता येईना.

"नाही, काका," मी म्हणालो. "एकच नाव आहे."

"आणि आशेर?"

"ते आहेत की इथे. ते काय समोर बसलेत. जिवंत माणसांसाठी कद्दीश कोण म्हणतं?"

काका पुढच्या माणसाकडे वळले. पोरं पुढे वळून बसली. तुझं शेवटचं मागणं मी मोडलं, अक्का. आशेरच्या त्या सगळ्यांमध्ये गेलेली अशी तू एकटीच होतीस, म्हणून तुझ्या एकटीसाठी उभा राहिलो.